१९७४ पेक्षा १९९५ जास्त आवडली, माझं काही चुकतंय का? (आर्मान्याक)

सांजवात

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय विचारताच येणार नाही, तेव्हा प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आम्ही दोघं फ्रान्समध्ये तूलूझला राहतो. गेल्या शनिवारी गाडी काढून जेर्स जिल्ह्यात गेलो होतो, एओझ गावाच्या पुढे, बा-आर्मान्याकच्या भागात, आर्मान्याक (द्राक्षाच्या वाईनपासून गाळलेली इथली ब्रँडी) बनवणाऱ्या एका कुटुंबाकडे. मोठं नाव वगैरे नाही, स्वतःचा द्राक्षमळा, स्वतःची पिंपं, वडील आणि मुलगी मिळून सगळं बघतात, आधी फोन करून वेळ घ्यावी लागते. आमचं नशीब असं की नेमकी त्याच आठवड्यात त्यांच्याकडे भट्टी आली होती. म्हणजे भट्टी त्यांची स्वतःची नाही, दरवर्षी नोव्हेंबरात फिरती भट्टी येते, चाकांवर बसवलेली, तांब्याची, खाली लाकडाचा जाळ, आणि ती एकदा पेटली की रात्रंदिवस चालू, त्यामुळे बापलेकीच्या डोळ्यांवर झोप दिसत होती पण उत्साह इतका की विचारू नका. नळातून पाण्यासारखी स्वच्छ धार पडत होती. मुलीनं माझ्या तळहातावर चार थेंब टाकले, म्हणाली दोन्ही हात चोळ आणि मग हुंग. आधी नाकात झिणझिण्या आल्या, मग अल्कोहोल उडून गेलं आणि मागे पिकलेल्या पेअरचा आणि कसल्यातरी पांढऱ्या फुलांचा वास राहिला, अर्धा तास तरी हाताला येत होता.

मग पिंपांच्या कोठीत गेलो, तिकडे तिला शे म्हणतात. मातीची जमीन, कौलारू छप्पर, भिंती वरपर्यंत काळ्याकुट्ट. म्हातारेबाबा लाकडी हातोडीनं पिंपाचं बूच दोन्ही बाजूंनी ठोकून सैल करायचे, काचेची लांब नळी आत सोडायची, वरून अंगठा दाबून बाहेर काढायची आणि ग्लासात सोडायची. २०१२, २००१, १९९५, १९८७ आणि शेवटी १९७४, या क्रमानं (साल म्हणजे ज्या वर्षीच्या द्राक्षांची दारू ते वर्ष). नवरा गाडी चालवणार होता म्हणून त्यानं सगळं थुंकलं, मी थोडं थोडं प्यायले.

२०१२ तिखट, व्हॅनिलाचा वास, घशाला जाळ. २००१ छान. १९९५ ला मात्र मी गप्पच झाले. आधी सुकवलेल्या प्लमचा वास, मग संत्र्याच्या सालीचा, मग गिळल्यावर कितीतरी वेळानं अक्रोड, आणि हे सगळं एकामागून एक, गर्दी न करता. १९८७ पिंपात नव्हती, वेताची टोपली घातलेल्या मोठ्या काचेच्या बरणीत होती, तीही आवडली. आणि मग १९७४. बाबांनी ती ओतताना आवाज खाली आणला होता, ते माझ्याकडे बघत होते. रंग जवळजवळ काळपट तपकिरी. वास जुन्या लाकडी कपाटासारखा, बरा होता. पण तोंडात घेतल्यावर कोरडी, कडवट, जास्त उकळलेल्या चहासारखी तुरट, आणि जीभ आक्रसल्यासारखी झाली. मी छान आहे म्हणाले, पण मनातून खट्टू झाले.

आता प्रश्न. १९९५ ची बाटली ९५ युरोला, १९७४ ची २१० ला. आम्ही १९९५ घेतली, आणि बाबांनी १९७४ ची एक छोटी, औषधाच्या बाटलीएवढी बाटली भरून दिली, पैसे घेतले नाहीत. जी दुप्पट महाग आहे आणि वीस वर्षांनी मोठी आहे ती मला कमी का आवडली? मला चव कळत नाही का? आणि १९८७ च्या बाटलीवर दोन तारखा होत्या, १९८७ आणि २०१२, त्याचा अर्थ काय? पुढच्या महिन्यात परत जाणार आहोत, तेव्हा १९७४ घ्यावी का?

---

आडवाट

सांजवात ताई, तुमची चव अगदी शाबूत आहे. मी बोर्दोला आल्यापासून दरवर्षी एकदा तरी गास्कोनीत (जेर्स वगैरे ज्यात येतं त्या जुन्या प्रांतात) जातो, असे छोटे घरगुती मळे बरेच फिरलोय, आणि तुम्ही जे लिहिलंय ते मी कमीत कमी दहा वेळा अनुभवलंय.

पहिली गोष्ट म्हणजे ब्रँडीचं वय फक्त लाकडात वाढतं. काचेत गेली की जवळजवळ थांबतं. म्हणून साल एकटं वाचायचं नाही, साल आणि बाटलीत किंवा काचेत कधी भरली ती तारीख, दोन्ही वाचायचं. १९८७ आणि २०१२ म्हणजे पंचवीस वर्षं पिंपात, आणि मग त्यांनी ठरवलं की आता बस, आता हिला लाकडाची गरज नाही, म्हणून ती काचेच्या बरणीत काढली. त्या बरणीला दाम-जान म्हणतात. तुमची १९९५ अजून पिंपात आहे म्हणजे तिचं वय लाकडात तीसच्या आसपास, म्हणजे १९८७ पेक्षा तीच खरी म्हातारी. आणि १९७४ पन्नास वर्षं लाकडात!! पन्नास वर्षं सगळ्यांना सोसत नाहीत.

लाकूड काय करतं ते बघा. नवीन दारू साधारण ४०० लिटरच्या नव्या ओक पिंपात जाते, तिथं ती रंग आणि तुरटपणा भराभर ओढून घेते, म्हणून जाणकार माणूस तिला फार दिवस नव्या पिंपात ठेवत नाही, मुरलेल्या जुन्या पिंपात हलवतो. जुनं पिंप आता लाकूड फारसं देत नाही, फक्त श्वास घेऊ देतं. हे हलवणं कधी करायचं हेच सगळं कसब आहे, आणि ते लिहून ठेवलेलं नसतं, बाबा नळीनं चाखून ठरवतात. १९७४ सालची दारू त्या बाबांच्याही आधीच्या कोणीतरी पिंपात घातली असेल, आणि ती नव्या लाकडात दोन-चार वर्षं जास्त राहिली असेल तर तो तुरटपणा पन्नास वर्षांनीही जात नाही. वर दर वर्षी दोन-तीन टक्के उडून जातं, त्यामुळे जे उरतं ते आणखी घट्ट होत जातं, चांगलंही आणि कडूही. तुम्ही पाहिलेल्या काळ्या भिंती त्या उडालेल्या अल्कोहोलवरच जगणाऱ्या बुरशीच्या आहेत, तिला बोदोआनिया म्हणतात. गावात कुठं पिंपं आहेत हे छपराचा रंग बघून सांगता येतं.

दुसरी गोष्ट, १९७४ किती टक्के होती ते विचारलंत का? ओलसर कोठीत पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं, म्हणून जोर उतरत जातो. आर्मान्याक म्हणून विकायला कमीत कमी ४० टक्के लागतं. ४१-४२ वर आली की बाबांना एक तर बाटलीत भरायला हवी नाहीतर काचेत हलवायला हवी, नाहीतर अर्ध्या शतकाची दारू आर्मान्याक राहणारच नाही. जोर कमी झाला की फळाचा अंश मागे पडतो आणि लाकूड पुढे येतं, तुम्हाला कोरडी लागली त्यात हेही असणार.

१९७४ वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही, मी चाखलेली नाही. पण तुम्हाला आवडलेली तीस वर्षांची बाटली सोडून केवळ सालाच्या मोठेपणासाठी २१० युरो घालू नका.

---

पाचोळा

आडवाटदादांनी लाकडाचं नीट सांगितलंय पण चाखण्याचा क्रम कोणी बघितला नाही. पाच ग्लास, सगळे बहुतेक ४२ ते ५०-५२ टक्क्यांचे, आणि सगळ्यात नाजूक जुनी ती सगळ्यात शेवटी, म्हणजे जीभ तोपर्यंत बधिर झालेली! त्यात नोव्हेंबर, मातीची जमीन, कोठीत बारा-तेरा डिग्री असेल फारतर. थंड ब्रँडी तोंड उघडत नाही हो. तरुण ब्रँडीला फरक पडत नाही कारण तिचा वास उड्या मारतच बाहेर येतो, पण म्हातारीला ऊब लागते आणि वेळ लागतो.

ती छोटी बाटली टाकू नका आणि घाईत संपवूही नका. असं करा, एखाद्या दिवशी संध्याकाळी जेवणाआधी, परफ्यूम वगैरे काही न लावता, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ग्लास तोंडाशी निमुळता हवा, तो मोठा फुग्यासारखा ग्लास नको, त्यात अल्कोहोल एकदम नाकावर येतं. दोन घोट मावतील एवढीच ओता आणि वीस-पंचवीस मिनिटं हात लावू नका, फक्त अधूनमधून लांबून हुंगा, नाक आत खुपसायचं नाही. मग पहिला थेंब जिभेवर घ्या आणि तो चव बघायला नाहीच, तो तोंडाची तयारी व्हायला. दुसऱ्या घोटाला काय लागतं ते लिहून ठेवा. मग पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून परत.

आणि ग्लास धुवू नका! रिकामा ग्लास तसाच ठेवायचा, सकाळी उठून हुंगायचा. अल्कोहोल रात्रीत उडून जातं आणि तळाला जे चिकटून राहतं ते खरं. गास्कोनीतली जुनी माणसं रिकाम्या ग्लासावरून दारू जोखतात ते उगाच नाही.

---

नवशिका

मधेच विचारतो, माफ करा. हे कोन्याकसारखंच ना? मग कोन्याकच्या बाटल्यांवर साल का दिसत नाही, तिथं फक्त व्हीएसओपी, एक्सओ अशी वयाची प्रत सांगणारी अक्षरंच असतात?

---

आडवाट

चांगला प्रश्न आहे. दोन्ही द्राक्षाच्या पांढऱ्या वाईनपासून गाळलेल्या, पण कोन्याक दोनदा गाळतात, साधारण ७० टक्क्यांवर काढतात, म्हणून ती सडसडीत. आर्मान्याक बहुतेक एकदाच, त्या उभ्या तांब्याच्या भट्टीत, ५२ ते ६० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे वाईनमधलं बरंचसं जड, तेलकट, सुगंधी द्रव्य तिच्याबरोबर येतं. तरुणपणी ती आडदांड लागते आणि मुरायला वेळ मागते, पण तेच तिचं भांडवल. कोन्याकची मोठी घरं वेगवेगळ्या सालांचं आणि भागांचं मिश्रण करून दरवर्षी तीच चव देतात. सालाची कोन्याकही निघते पण कमी. आर्मान्याकमध्ये एकेका सालाची बाटली हा मुळातला रिवाज आहे, आणि साल लिहायचं तर कमीत कमी दहा वर्षं लाकडात झालेली हवी. एक्सओसाठीही दहाच वर्षं लागतात पण तिथं मिश्रणातली सगळ्यात लहान दारू दहाची धरतात.

छोट्या कुटुंबाकडे साल म्हणजे त्यांची डायरीच असते. कुठल्या वर्षी गारा पडल्या, कुठल्या वर्षी द्राक्षं लवकर पिकली, कुठल्या वर्षी कोण वारलं म्हणून मार्चअखेरपर्यंत कशीबशी गाळली (३१ मार्चनंतर गाळता येत नाही, नियम आहे), हे सगळं ते पिंपावर हात ठेवून सांगतात. मला तरी ते ऐकल्याशिवाय चव पुरी होत नाही.

---

ओंजळ

मी जरा उलट बोलणार आहे. मला स्वतःला चाळीस-पन्नास वर्षं लाकडात झालेलीच आवडते, ती कोरडी असते म्हणूनच आवडते. तिच्यात एक गोष्ट येते ती तरुण ब्रँडीत येऊच शकत नाही, तिला रांसियो म्हणतात. दारूतली स्निग्ध द्रव्यं वर्षानुवर्षं हवेशी खेळत राहून बदलतात आणि मग जुन्या अक्रोडाचा, ओल्या जंगलातल्या अळंबीचा, जुन्या चामड्याचा असा एक खोल वास येतो. सांजवात, तुम्हाला १९९५ मध्ये शेवटी जो अक्रोड लागला ना, तीच त्याची पहिली पायरी आहे. म्हणजे तुम्हाला रांसियो कळतो! फक्त तो फळाच्या सोबतीनं आला तेव्हा आवडला, एकटा आला तेव्हा जड गेला. पहिल्या भेटीत बहुतेकांचं हेच होतं. माझंही झालं होतं.

द्राक्ष कुठलं होतं ते विचारा पुढच्या वेळी. १९७४ ची असेल तर बहुतेक बाको असणार. बाको म्हणजे बाको २२ ए, फ्रांस्वा बाको नावाच्या, शेजारच्या लांद भागातल्या शाळामास्तरांनी १८९८ मध्ये तयार केलेलं संकरित द्राक्ष, फोल ब्लांश ही जुनी फ्रेंच जात आणि नोआ ही अमेरिकन जात यांच्यापासून. फायलोक्सेरा किडीनं मळेच्या मळे गेल्यावर फोल ब्लांश कलमावर नीट टिकेना, सडायची, तेव्हा या मास्तरांच्या बाकोनं बा-आर्मान्याकला हात दिला. बा-आर्मान्याकची पिवळसर रेती आणि बाको यांचं छान जमतं. बाकोची दारू गोलसर, भरदार, प्लमसारखी आणि लांबची धावणारी असते. फोल ब्लांशची फुलांसारखी, नाजूक, ती मला पंधरा-वीस वर्षांची असतानाच आवडते. उन्यी ब्लां या दोघींपेक्षा साधी आणि नेटकी. मी एकदा एकाच घरात एकाच सालाची फोल ब्लांश आणि बाको शेजारी शेजारी चाखली, पिंपं एकाच बाजूला, वय तेच, आणि वाटलं दोन वेगळ्या गावांत आलोय.

आणि एक मनापासून सांगायचंय कारण मला ते महागात पडलं. वडिलांच्या साठीला मी त्यांच्या जन्मसालाची आर्मान्याक घेतली, एका दुकानातून, मळ्यावरून नाही. बाटलीत कधी भरली ती तारीखच लेबलवर नव्हती आणि मी विचारलीही नाही. दुकानात ती आडवी ठेवलेली होती, वाईनसारखी. घरी उघडायला गेलो तर बुचाचा भुगा झाला, चव सपाट, पुठ्ठ्यासारखी. वाईन आडवी ठेवतात, ब्रँडी नेहमी उभी ठेवायची, कारण एवढं अल्कोहोल बुचाला लागून राहिलं की बूच खातं. वडील काही बोलले नाहीत, त्यांनी ग्लास संपवला, पण मला अजून वाईट वाटतं. त्यानंतर मी जन्मसालाची बाटली नेहमी घरच्या माणसाकडूनच घेतो, त्याला समोर विचारतो की काचेत कधी गेली, पाणी किती घातलं, कॅरमेल किंवा साखर घातली का. या दोन्ही गोष्टी घालायला नियमांत मुभा आहे, त्यामुळे काळपट रंग म्हणजे वय असं समजू नका. तुमच्या बाबांनी थेट पिंपातून दिली म्हणजे तिथं ती शंका जवळजवळ नाहीच.

---

पाचोळा

ओंजळ, वडिलांचं वाचून पोटात कालवलं. बूच जुनं वाटलं तर उघडायच्या आधी पाच मिनिटं बाटली तिरपी करून बूच ओलं करून घ्यायचं आणि हळू पिळत काढायचं, भुगा झालाच तर कापडातून गाळून घ्यायची, चव लगेच जात नाही. पण तुमची दारू बहुतेक आधीच दमलेली होती.

---

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. पाचोळा यांनी सांगितलं तसंच केलं, काल संध्याकाळी. ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास नव्हता, शेरीचा लहान ग्लास होता तो घेतला. आधी जेवण नाही, कॉफी नाही, जीभ ताजी. छोट्या बाटलीतली निम्मी ओतली आणि खिडकीशी ठेवून दिली.

पहिली दहा मिनिटं तेच कपाट. मग हळूहळू खालून काहीतरी यायला लागलं, आधी सुकं तंबाखूचं पान, मग मध नव्हे पण मधाच्या पोळ्याचं मेण असतं ना तसं. नवऱ्याला हुंगायला दिलं, तो म्हणाला ही वेगळीच बाटली आहे. तोंडात घेतली तर तुरटपणा होताच, तो कुठं गेला नव्हता, पण या वेळी तो शेवटी आला, सुरुवातीला नाही. पाण्याचे तीन थेंब टाकल्यावर क्षणभर संत्र्याची साल लागली, तीच १९९५ मधली, फक्त फार दुरून, जणू शेजारच्या खोलीतून. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही दोन्ही एकाच मळ्याची आहेत.

शेजारी १९९५ ओतली. अजूनही मला तीच जास्त आवडते, आता हे बोलायला संकोच वाटत नाही.

पण आज सकाळी दोन्ही ग्लास हुंगले. १९९५ च्या ग्लासात व्हॅनिला आणि थोडंसं प्लम. १९७४ च्या ग्लासाच्या तळाशी सुकलेला तपकिरी ठिपका होता आणि त्याला ओंजळ म्हणतात तोच वास, अक्रोड, अळंबी, पाऊस पडून गेलेलं जंगल. मी ऑफिसला जाईपर्यंत चार वेळा स्वयंपाकघरात येऊन तो ग्लास हुंगला.

दुपारी मळ्यावर फोन केला. मुलीनं उचलला. आडवाटदादांचा प्रश्न विचारला, टक्के किती. ती म्हणाली १९७४ आता ४१.३ वर आहे, ती आणि बाबा दोन वर्षं यावर भांडतायत, बाबांना आणखी एक हिवाळा पिंपात ठेवायची होती, तिला नको होती. शेवटी गेल्या रविवारी, म्हणजे आम्ही येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बाबा म्हणाले काढूया. या शुक्रवारी ती काचेत जाणार आहे. बाको आहे का विचारलं, हो म्हणाली, आजोबांनी लावलेली, तो तुकडा आता उपटलाय, म्हणजे त्या वेलींची पुढची दारू नाहीच.

तिनं विचारलं येताय का शुक्रवारी, बरणी भरताना मदतीला माणसं लागतात. मी सुट्टी टाकली आहे. बाटली घेणार की नाही ते अजून ठरवलेलं नाही, पिंप रिकामं होताना बघायचं आहे.